भोकात कोणता खिळा?

अमेरिकेतल्या बहुतेक घरांचा सांगाडा लाकडाचा असतो. काँक्रीटच्या पायावर दीड इंच जाडीच्या फळ्या उभ्या-आडव्या ठोकून भिंती, मजले आणि छप्पर उभे केले जाते. अनेक घरांच्या मागच्या बाजूला, जमिनीपासून चार ते दहा फूट उंच, एक उघडा लाकडी सज्जा असतो. तिकडे त्याला डेक म्हणतात. उन्हाळ्यात मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेले आईवडील संध्याकाळचा चहा तिथेच घेतात, आणि नातवंडाच्या वाढदिवसाला तीस-चाळीस माणसे त्याच फळ्यांवर ताटे घेऊन उभी असतात. या डेकखाली वाकून पाहिले की तो कशावर उभा आहे ते दिसते. दर सोळा इंचांवर एक आडवी कडी, आणि प्रत्येक कडीचे टोक पत्र्याच्या एका खोबणीत बसवलेले. ही खोबण म्हणजे जॉइस्ट हँगर. त्याच्या दोन्ही कानांना भोके असतात. या प्रकरणाचा विषय ती भोके, किंवा नेमके सांगायचे तर त्या भोकांत काय ठोकायचे, हा आहे.

आपल्या जुन्या वाड्यात कडीपाट पाहिला असेल तर फरक चटकन लक्षात येईल. वाड्यातली कडी तुळईच्या डोक्यावर किंवा भिंतीत सोडलेल्या खाचेत टेकलेली असते. वजन लाकडावरून लाकडावर, तिथून दगडमातीत उतरते. खिळा असलाच तर तो कडी जागची सरकू नये एवढ्यापुरता. तो उपटला तरी माडी खाली येत नाही. डेकमध्ये मात्र कडी आणि तुळई यांची वरची कड एका पातळीत हवी असते, म्हणून कडी तुळईवर न टेकता तिच्या अंगाला येऊन थांबते. खाली आधार नाही. कडीवरचे सगळे वजन आधी पत्र्याच्या तळावर, तळावरून कानांत, कानांतून खिळ्यांत आणि खिळ्यांतून तुळईत जाते. इथे खिळे काढले तर पत्रा आणि कडी दोन्ही खाली पडतील.

पूर्वी अशा ठिकाणी कडीच्या टोकातून तुळईत तिरके खिळे मारत, किंवा तुळईला खालून एक पट्टी ठोकून कडीला खाच पाडून तिच्यावर बसवत. तिरक्या खिळ्याने कडीचे टोक चिरते, आणि खाचेच्या कोपऱ्यातून कडी आडवी फाटत जाते. कॅलिफोर्नियात बार्कले सिम्पसन यांच्या कंपनीने १९५६ साली हँगर बनवायला सुरुवात केली. पुढे सिम्पसन स्ट्राँग-टाय हे नाव तिथल्या सुतारांच्या बोलण्यात इतके रुळले की कुठल्याही कंपनीच्या हँगरला ते सर्रास वापरले जाते. पत्रा स्वस्त, काम झटपट, आणि कडीला चीर नाही. हँगरमुळे सुतारकामातले एक जुने कसब मात्र बाजूला पडले, आणि कडी पेलण्याची जबाबदारी नकळत खिळ्यावर आली.

ती जबाबदारी किती मोठी आहे ते साध्या हिशेबाने कळते. बारा फूट लांबीच्या कड्या सोळा इंचांवर बसवल्या आहेत असे धरू. एका कडीच्या वाट्याला सोळा चौरस फूट जागा येते, म्हणजे प्रत्येक टोकाच्या हँगरला आठ. अमेरिकेतले घरबांधणीचे नियम साधारणपणे डेकवर चौरस फुटाला माणसे-सामानाचे ४० पौंड आणि डेकच्या स्वतःच्या वजनाचे १० पौंड धरायला सांगतात. आठ गुणिले पन्नास, म्हणजे एका हँगरवर ४०० पौंड, सुमारे १८० किलो. दोन बाय आठ इंच असे नाव असलेल्या कडीसाठीचा एक नेहमीचा हँगर घेतला तर त्यात तुळईच्या बाजूला सहा आणि कडीच्या बाजूला चार भोके असतात. सगळी भोके योग्य खिळ्यांनी भरली तर त्याची क्षमता हजार पौंडांच्या आसपास भरते.

हे वाचून कोणी म्हणेल, अडीचपट क्षमता हाताशी असताना खिळ्याची एवढी काळजी कशाला? हा प्रश्न मी गंभीरपणे घेतो, कारण चुकीचे स्क्रू मारलेले कितीतरी डेक वर्षानुवर्षे उभे असतात आणि मालकाला त्यातच पुरावा सापडतो. पण ती अडीचपट क्षमता हँगर नावाच्या वस्तूची नसून हँगर आणि त्याच्यासाठी नेमून दिलेला खिळा या जोडीची आहे. खिळा बदलला की हँगरच्या तक्त्यात छापलेला आकडा त्या जोडाला लागू राहत नाही. शिवाय डेकवर गर्दी होते ती समारंभाच्या एखाद्या दिवशी, आणि तोवर लाकूड थोडे कुजलेले, खिळे थोडे गंजलेले असतात. २९ जून २००३ रोजी शिकागोत एका मेजवानीच्या वेळी लाकडी सज्जा कोसळून १३ जण मेले. त्या दुर्घटनेचा दोष एका खिळ्यावर टाकता येणार नाही, पण रोजच्या चार माणसांना पेलणारा सज्जा गर्दीच्या रात्री काय करतो ते तिने दाखवले.

छापील आकडा येतो कुठून? हँगरची चाचणी कशी घ्यावी याचे अमेरिकेत ठरलेले मानक आहे. नेमके लाकूड आणि नेमके खिळे घेऊन जोड तयार करतात आणि यंत्राने तो मोडेपर्यंत दाबतात. ज्या भाराला तो मोडला त्याचा तिसरा हिस्सा, ज्या भाराला कडी एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरांच्या जरा वर, खाली सरकली तो भार, आणि खिळ्यांच्या ताकदीचे कागदावरचे गणित, या तिघांतला सर्वांत लहान आकडा तक्त्यात येतो. दुसरी कसोटी विचार करण्यासारखी आहे. जोड तीन मिलिमीटर सरकू शकतो हे तिथे गृहीतच धरले आहे. म्हणजे खिळा थोडा वाकणार हे चाचणी घेणाऱ्याला ठाऊक आहे आणि चालणारे आहे.

खिळ्याचे हे वाकणे गणितात बसवण्याचे श्रेय डेन्मार्कचे अभियंते के. डब्ल्यू. योहान्सेन यांना जाते. १९४९ साली त्यांनी लाकडातल्या खिळ्या-बोल्टांच्या जोडांचा सिद्धांत मांडला. आडवा भार आला की दोन गोष्टी घडतात असे ते म्हणाले: खिळ्याच्या अंगाखालचे लाकूड चेचले जाते आणि खिळा स्वतः वाकतो. लाकडाचा चेचण्याला विरोध आणि पोलादाचा वाकण्याला विरोध माहीत असला की जोडाची ताकद काढता येते. अमेरिकेच्या लाकूड-बांधणीच्या मानकात हे गणित यायला १९९१ साल उजाडले, पण आज तिथल्या खिळ्यांच्या तक्त्यांतले आडव्या भाराचे आकडे त्याच्याच आधाराने काढलेले असतात.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. साधा खिळा कमी कार्बनच्या पोलादी तारेपासून बनवलेला असतो आणि तो वाकतो. एका हँगरमधले दहा खिळे कधीच सारखे वजन घेत नाहीत. एखादा घट्ट बसतो, एखाद्याखाली गाठ असते, एखाद्याखालचे लाकूड मऊ निघते. ज्याच्यावर जास्त भार येतो तो वाकतो, वाकता वाकता जरा सरकतो, आणि जास्तीचा भार शेजाऱ्यांकडे जातो. दहाही जण कामाला लागतात. शिवाय वाकण्याला वेळ लागतो. कडी खाली उतरते, फट दिसू लागते, पायाखाली उतार जाणवतो. माणसाला काहीतरी बिनसल्याचे कळते आणि बाजूला होता येते.

आता डेकचा स्क्रू घ्या. वरच्या फळ्या कड्यांवर घट्ट बसवण्यासाठी तो बनवलेला आहे. बारीक दांडा, खोल आटे, आणि यंत्राने पिळून आत घालताना मुरगळू नये म्हणून उष्णतेने कडक केलेले पोलाद. फळी वर उचलली जाऊ नये हे काम तो खिळ्यापेक्षा कितीतरी चांगले करतो. पण कडक पोलाद वाकत नाही. आडवा धक्का बसला की तो खडूसारखा तुटतो, आणि तुटतो तेही पत्र्याच्या कडेला, जिथे आट्यांनी दांडा आधीच कोरलेला असतो. पहिला स्क्रू तुटला की त्याचा भार अचानक दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. इशारा मिळत नाही. प्लास्टर बोर्डाचे काळे स्क्रू तर याहून ठिसूळ, त्यांना हँगरजवळ आणूच नये.

यावरून सगळेच स्क्रू वाईट, असा अर्थ काढू नये. गेल्या काही वर्षांत हँगरसाठी मुद्दाम बनवलेले स्क्रू आले आहेत. त्यांचा दांडा जाड असतो, पोलादावर वेगळी उष्णताप्रक्रिया केलेली असते आणि त्या त्या हँगरसोबत चाचणी झालेली असते. डोक्यावर खूण कोरलेली असल्याने तपासनिसाला खालून उभे राहून ओळखता येतात. अडचणीच्या कोपऱ्यात, जिथे हातोडा फिरवायला जागा नाही, तिथे ते मोठा आधार आहेत. अट एकच: हँगर बनवणाऱ्याच्या तक्त्यात त्या हँगरपुढे त्या स्क्रूचे नाव असले पाहिजे. दुकानदाराने 'मजबूत आहे' म्हटले एवढ्यावर भागत नाही.

खिळा घ्यायचा ठरला तरी प्रश्न संपत नाही, कारण अमेरिकेतली खिळ्यांची मापे सरळ नाहीत. तिथे खिळ्याला दहा-डी, सोळा-डी अशी जुनी इंग्रजी नावे आहेत. हा आकडा ढोबळ लांबी सांगतो, जाडी सांगत नाही. सोळा-डी 'कॉमन' खिळा साडेतीन इंच लांब आणि ०.१६२ इंच जाड असतो. सोळा-डी 'बॉक्स' खिळाही साडेतीन इंचच लांब, पण जाडी ०.१३५. सोळा-डी 'सिंकर' सव्वातीन इंच लांब आणि ०.१४८ जाड. दुकानातल्या तिन्ही डब्यांवर सोळा-डी लिहिलेले असते. जोडाची ताकद ढोबळमानाने खिळ्याच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून जाडीतला केसाएवढा फरक ताकदीत मोठा होतो. ०.१६२ च्या जागी ०.१४८ चा खिळा घेतला तर ताकद सुमारे १६ टक्के उतरते, आणि ०.१३५ चा घेतला तर ३० टक्के. सांगाडा ठोकण्याच्या हवेच्या बंदुकीत नेहमी असणारा खिळा ०.१३१ चा. दहा-डी कॉमनच्या, म्हणजे ०.१४८ च्या भोकात तो गेला तर पाचवा हिस्सा गेलाच. छपराच्या पत्र्यांचे रुंद डोक्याचे खिळे भोक छान झाकतात, म्हणून बाहेरून काम नीटनेटके दिसते, पण त्यांची जाडी ०.१२० आणि ताकद दोन-तृतीयांश.

म्हणून डबा हातात घेतला की नाव सोडून द्यावे आणि इंचात छापलेली जाडी आणि लांबी वाचावी. हँगरच्या तक्त्यात हे दोन्ही आकडे दिलेले असतात.

लांबीचा घोळ आणखी वेगळा आहे, आणि समजूतदार कारागीरही तिथे फसतात. हँगरसाठी दीड इंचाचे, पण दहा-डीच्याच जाडीचे आखूड खिळे मिळतात. डब्यावर हँगरचे चित्रही असते. कडी स्वतः दीड इंच जाड, त्यामुळे कडीच्या अंगात सरळ ठोकायचा खिळा तीन इंचाचा असेल तर पलीकडून टोक बाहेर येईल. तिथे आखूड खिळाच बरोबर. पण आज सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या हँगरमध्ये कडीच्या बाजूची भोके सरळ नसतात. पत्र्याला तिथे लहानसा फुगवटा दिलेला असतो आणि खिळा पंचेचाळीस अंशात तिरका जातो. तो कडीच्या टोकाला भेदून थेट तुळईत शिरतो, कडीला आणि तुळईला एकाच वेळी पकडतो. ही रचना इतकी कार्यक्षम आहे की कमी खिळ्यांत जास्त भार पेलते. दीड इंचाचा खिळा या तिरक्या वाटेने तुळईपर्यंत पोहोचतच नाही. बाहेरून डोके तसेच दिसते, आत मात्र जोडच झालेला नसतो. फुगवटा दिसला की तीन इंचाचा खिळा, ही खूण लक्षात ठेवावी. काही जण तिरके ठोकायचा कंटाळा करून फुगवट्याला हातोडीने सपाट करतात आणि सरळ खिळा मारतात. असा हँगर काढून टाकून नवा लावावा.

तुळईच्या बाजूलाही लांबी पाहावी लागते. तुळई म्हणजे घराच्या भिंतीला टेकलेली पट्टी असेल तर मागे जागा असते आणि तीन इंचाचा खिळा निर्धास्त जातो. तुळई एकाच फळीची आणि मागून उघडी असेल तर टोके बाहेर येतील, तिथे आखूड खिळे वापरून क्षमता कमी धरायची. किती कमी, ते तक्ता सांगतो.

भोकांच्या आकारांनाही अर्थ आहे. सिम्पसनच्या हँगरवर गोल भोक म्हणजे भरलेच पाहिजे. त्रिकोणी भोके जास्तीची असतात, तक्त्यातली कमाल क्षमता हवी असेल तर तीही भरायची. लांबट गोल भोक अडचणीच्या जागी खिळा जरा कलता मारता यावा म्हणून. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे भोक तात्पुरते अडकवण्यासाठी. षटकोनी भोके काँक्रीटच्या भिंतीसाठी. आणि पत्र्यातून आत वळलेले टोकदार काटे हँगर हातातून सुटू नये म्हणून, त्यांना भारवाहक समजू नये. मधूनच एखादे अगदी बारीक भोक दिसते, ते कारखान्यातल्या यंत्राचे, त्याच्यात काही घालायचे नसते.

आता गंज. डेकचे लाकूड उघड्यावर असते, म्हणून त्यात बुरशी-वाळवीविरुद्ध औषध दाबाने मुरवलेले असते. अनेक दशके हे औषध तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे होते. आर्सेनिकच्या भीतीमुळे अमेरिकेत ३१ डिसेंबर २००३ पासून घरगुती वापरासाठी असे लाकूड बनवणे बंद झाले. त्याच्या जागी आलेल्या औषधांत आर्सेनिक नाही, पण क्रोमियमही नाही आणि तांबे पूर्वीपेक्षा जास्त. क्रोमियम गंजाला आवर घालत असे. ओल्या लाकडातले तांबे पोलादाच्या संपर्कात आले की पोलाद झिजते. नव्या लाकडात जुन्याच पद्धतीचे खिळे आणि हँगर लागले आणि सुरुवातीच्या वर्षांत ते भराभर खाल्ले जाऊ लागले. आता मिळणारी, तांब्याचे सूक्ष्म कण असलेली औषधे त्या मानाने सौम्य आहेत, तरी अशा लाकडात जास्त जस्ताचेच खिळे आणि हँगर हवेत, हा नियम बदललेला नाही.

या झिजेविरुद्ध जस्त स्वतः खर्च होते आणि खालचे पोलाद वाचवते. म्हणून जस्त किती आहे हा प्रश्न आयुष्याचा प्रश्न ठरतो. नेहमीच्या हँगरवर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला सुमारे २७५ ग्रॅम जस्त असते. औषधी लाकडासाठीच्या हँगरवर त्याच्या दुप्पट, साधारण ५६५ ग्रॅम. खिळे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले हवेत. ते राखाडी, खरखरीत, जरा ओबडधोबड दिसतात. गुळगुळीत चकाकणारा खिळा विजेच्या मुलाम्याचा असतो, त्यावरचा थर काही मायक्रॉनचा आणि औषधी लाकडात लवकर संपणारा. इथे डोळ्यांना सुंदर दिसते ते सोडायचे आणि खडबडीत घ्यायचे.

समुद्राजवळ जस्तही पुरत नाही. खारा वारा लोखंडाचे काय करतो हे कोकणात किंवा गोव्यात खिडकीचे गज पाहिलेल्याला सांगावे लागत नाही, आणि न्यू जर्सीचा किनारा किंवा फ्लोरिडा त्याला अपवाद नाही. तिथे स्टेनलेस पोलाद वापरावे, आणि तेही ३१६ प्रतीचे. फक्त अर्धवट शहाणपण करू नये. जस्ताच्या हँगरमध्ये स्टेनलेस खिळे मारले तर दोन धातूंच्या संपर्कात खिळ्याभोवतीचे जस्त लवकर झिजते आणि भोकाच्या कडेलाच पत्रा उघडा पडतो. हँगर ज्या धातूचा, खिळाही त्याच धातूचा.

हाताने खिळे मारणे कष्टाचे आहे, हे कबूल करायला हवे. एका मध्यम डेकमध्ये तीस-चाळीस हँगर असतात, म्हणजे तीन-चारशे खिळे, तेही डोक्यावर हात करून. त्याच थकव्यातून स्क्रूची बंदूक हातात येते किंवा दोन-चार भोके रिकामी राहतात. सांगाड्याची नेहमीची हवेची बंदूक भोक हेरू शकत नाही, खिळा पत्रा फाडून आत घुसतो. पण हँगरसाठी वेगळी बंदूक मिळते. तिच्या तोंडातून खिळ्याचे टोक जरासे बाहेर डोकावते, ते भोकात टेकवायचे आणि दाबायचे. तळहातावर मावणारे छोटे हवेचे यंत्रही भाड्याने मिळते. एका दिवसाचे भाडे आणि मनगटाचे आरोग्य यांचा हिशेब केला तर ते स्वस्तच पडते. ठोकण्याआधी कडीचे टोक तुळईला नीट भिडवून घ्यावे. फट एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त राहिली तर तिरका खिळा तुळईत कमी शिरतो, आणि पुढे चालताना कुरकूर ऐकू येते ती वेगळी.

जुना डेक विकत घेतलेल्या घरासोबत आला असेल तर विजेरी घेऊन एकदा खाली जावे. स्क्रूच्या डोक्यातली चांदणी किंवा अधिकचे चिन्ह दिसले आणि डोक्यावर कंपनीची खूण नसली, तर ते बहुधा डेकचे स्क्रू आहेत. रिकामी भोके मोजावीत, लाल ओघळ पाहावेत, पातळ पेचकस लाकडात टोचून ते मऊ झाले आहे का ते बघावे. लाकूड धड असेल तर दुरुस्ती अवघड नाही. स्क्रूने भोक आधीच मोठे केलेले असते, त्यात खिळा सैल बसतो, म्हणून तिथे हँगरसाठी मान्य असलेला जाड स्क्रू घालतात. एक काढायचा, लगेच एक घालायचा, आणि खाली टेकू लावल्याशिवाय एका हँगरमधले सगळे एकदम काढायचे नाहीत. घराच्या भिंतीला जिथे डेकची पट्टी टेकते तिथे नुसते खिळे दिसले, बोल्ट किंवा जाड बांधणीचे स्क्रू नसले, तर हँगरांचे काम बाजूला ठेवून आधी तिथे अभियंत्याला बोलवावे. तिथले खिळे लाकडातून सरळ बाहेर ओढले जातात, आणि तसे ओढले जाण्याला खिळ्याचा विरोध फार थोडा असतो.